फॉरमॅट मारण्याआधी

(डिंभे इथं झालेल्या महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरातल्या भाषणाचं शब्दांकन. मध्ये विचारलेले काही प्रश्न मजकुरातच घेतले आहेत.)

विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेत खसखस पिकली, ती मी ऐकली. 'घरच्या कॉम्प्युटरवर ऑपरेटिंग सिस्टीम बसली नाही तर काय करायचं?' काल आपण पोटगीवर बोललो, आज सकाळी वनहक्काच्या दाव्यांवर बोललो, त्यात हे मध्येच काय, असं वाटणं साहजिक आहे. मलाही आधी तसंच वाटलं असतं. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत आम्हांला केस रेकॉर्ड कसं लिहायचं ते शिकवलं. ते ज्या पेटीत राहतं ती पेटीच बंद पडली तर काय करायचं, ते कुणी शिकवलं नाही. त्यामुळं आज सांगणार आहे ते पुस्तकातलं कमी आणि अंगावर येऊन शिकलेलं जास्त आहे.

नवीन मुलींसाठी एवढंच सांगते, की मशीन चालू केल्यावर पडदा, कळफलक, प्रिंटर, फायली या सगळ्यांचा कारभार पाहणारी जी मूळ प्रणाली असते ती ऑपरेटिंग सिस्टीम. विंडोज ही एक, लिनक्स ही दुसरी. दुकानदार 'विंडोज मारून देतो' म्हणतो, तेव्हा तो हीच बसवत असतो.

आमच्या गटाचा कॉम्प्युटर आमच्या एका कार्यकर्तीच्या घरी असतो. धरणाच्या वरच्या अंगाला तिचं गाव आहे. गटाला कार्यालय नाही. पूर्वी एक खोली होती, भाडं परवडेना म्हणून सोडली आणि मशीन तिच्या ओटीवर भाताच्या कणगीशेजारी आलं. पुण्यातल्या एका कचेरीनं काढून टाकलेलं जुनं मशीन. तिच्या घरचे त्याला 'तुझं खोकं' म्हणतात. त्या खोक्यात बचत गटांचे हिशेब होते, ग्रामसभांची इतिवृत्तं होती, वनहक्काच्या दाव्यांचे स्कॅन केलेले कागद होते आणि आमच्याकडं तक्रार घेऊन आलेल्या बायांच्या नोंदी होत्या.

या कागदांचं मोल बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं, तुम्हांला सांगायला नको. घोड नदीवर डिंभ्याचं धरण झालं, त्याला हुतात्मा बाबू गेनूचं नाव दिलं. ज्या आंबेगावच्या नावानं हा तालुका ओळखला जातो ते जुनं आंबेगाव त्याच पाण्याखाली गेलं. पाणी कालव्यांनी खाली गेलं आणि वरच्या माणसांना डोंगरउताराची जमीन उरली. ती कसत असल्याचा पुरावा देताना बाईची काय दमछाक होते ते आपण पाहतो. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ४(४) मध्ये लग्न झालेल्यांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं द्यायचा असं स्पष्ट लिहिलं आहे. प्रत्यक्षात बाईचं नाव घालून घ्यायला किती खेपा पडतात! त्या खेपांचे सगळे कागद त्या खोक्यात होते.

आणखी एक गोष्ट होती. ती सांगायची परवानगी मी त्या बाईकडून घेतली आहे, नाव-गाव सांगणार नाही. तिला झालेल्या मारहाणीचे अकरा फोटो तिच्या फोनमधून आम्ही मशीनवर उतरवून घेतले होते. पुढच्याच आठवड्यात नवऱ्यानं तो फोन दगडावर आपटला. म्हणजे फोटो उरले ते त्या एका मशीनमध्ये. दुसरी प्रत काढून ठेवायला हवी होती, हे आज मला कुणी सांगायची गरज नाही. चूक आमची होती.

आता बिघाडाकडं येते. विंडोज १० च्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. नाव नोंदवणाऱ्यांना वर्षभराची वाढीव मुदत दिली होती, पण ते आम्हांला मागाहून कळलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाचा सुरक्षेचा भाग लागतो, ठरावीक नवे प्रोसेसर लागतात. आमच्या जुन्या मशीनमध्ये ते नव्हतं. कार्यकर्तीची मुलगी बारावीला आहे. तिनं ठरवलं, की फुकट मिळणारं लिनक्स टाकायचं. कल्पना चांगलीच होती. जुन्या मशीनवर ते चालतं, मराठी लिहिता येतं. आपल्याकडं सी-डॅकनं 'बॉस' नावाचं लिनक्स बनवलं आहे आणि केरळच्या सरकारी शाळांमध्ये तर शिक्षक-मुलं कितीतरी वर्षं लिनक्सवरच काम करताहेत.

तिनं टेकाडावर जाऊन, जिथं रेंज येते तिथं बसून, दोन रात्रींत ती मोठी फाइल उतरवून घेतली. पेन ड्राइव्हवर टाकली, मशीनला लावली, काहीच झालं नाही. ही पहिली चूक जवळजवळ प्रत्येकीकडून होते. बियाण्याची पिशवी बांधावर ठेवली म्हणजे पेरणी झाली असं नाही. ती फाइल, जिला आयएसओ म्हणतात, पेन ड्राइव्हवर नुसती नकलून चालत नाही. 'रुफस'सारख्या साधनानं ती उलगडून अशी लिहावी लागते, की मशीनला त्या पेन ड्राइव्हवरून सुरू होता येईल. मुलीनं ते शोधून काढलं, दुसरा पेन ड्राइव्ह तसा तयार केला, आणि मशीन त्यावरून सुरू झालं.

मग तिनं 'बसवा' म्हटलं. विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवायचं, असा पर्याय निवडला. काम निम्म्यावर येऊन थांबलं. पुन्हा केलं, तर या वेळी बरंच पुढं जाऊन थांबलं. तिसऱ्या खेपेला हार्ड डिस्कवरच्या जागेची वाटणी चालू असताना लाईट गेली. आली तेव्हा काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ, की सुरू करण्याजोगं काही सापडत नाही. विंडोजही गेलं आणि लिनक्सही आलं नाही.

घरात जे व्हायचं ते झालं. "पोरीच्या हातात मशीन दिलं की असंच होणार," हे वाक्य बापानंही म्हटलं आणि आजीनंही. पोर दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी भाऊ खोकं मोटारसायकलवर बांधून बाजाराच्या गावी दुकानात घेऊन गेला. संध्याकाळी मला फोन आला म्हणून मी तिथं पोचले. दुकानातला मुलगा बोलायला चांगला होता. म्हणाला, "मॅडम, यात काय राहिलं नाही. फॉरमॅट मारायला लागंल. डिस्क जुनी झाली, नवीन टाका, ही इथंच राहू द्या."

मैत्रिणींनो, 'ही इथंच राहू द्या' या चार शब्दांनी माझे कान उभे राहिले. त्याच्या मनात वाईट काही नसेल. पण यात काही राहिलं नाही म्हणतो, तर मग ती डिस्क त्याला कशाला हवी?

इथं एक गोष्ट समजून घेऊ. फॉरमॅट मारला किंवा फाइल पुसली, की आपल्याला वाटतं सगळं गेलं. साध्या फिरत्या हार्ड डिस्कमध्ये तसं होत नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडल्यासारखं होतं, पानं तिथंच असतात. त्यांच्यावर नवीन काही लिहिलं गेलं, तेवढी पानं जातात. उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरलं की बुडालेल्या गावांच्या खुणा वर येतात, त्या तुम्ही पाहिल्या आहेत. गाळपेर करताना नांगर फिरला की त्या भागातल्या खुणा मोडतात, बाकीच्या राहतात. डिस्कचं तसंच आहे. याचे अर्थ दोन. एक, बिघाडानंतर तिच्यावर काही लिहू दिलं नाही तर बरंच परत मिळू शकतं. दुसरा, की दुकानात 'मेलेली' म्हणून सोडलेल्या डिस्कवरून कुणीही बायांची नावं, पत्ते, फोटो वर काढू शकतं. नव्या मशीनमध्ये एसएसडी असते. तिच्यात पुसलेलं बहुतेक लगेच साफ होतं, तिथं ही आशा धरू नका.

आम्ही मशीन परत आणलं. दुकानदाराला पाहण्याचे पैसे दिले, त्याच्याशी भांडण नाही.

मग मी, कार्यकर्ती आणि तिची मुलगी, अशा तिघी ओटीवर बसलो. पुण्यातली एक मैत्रीण फोनवर होती. तिला यातलं कळतं. तिनं पहिल्यांदा वही काढायला लावली. पडद्यावर आलेला प्रत्येक संदेश जसाच्या तसा लिहायचा, वेळ लिहायची, आपण काय केलं ते लिहायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मला एकदम आमच्या केस रेकॉर्डचा तास आठवला. 'ती घाबरलेली होती' असं न लिहिता 'तिनं तीन वेळा दाराकडं पाहिलं' असं लिहा, म्हणायचे आमचे सर. 'मशीन चालत नाही' ही तक्रार झाली. 'ऐंशी टक्क्यांवर थांबलं, त्याआधी ते साठ टक्क्यांवर थांबलं होतं' ही नोंद झाली, आणि उत्तर त्या नोंदीतच होतं.

कसं, ते सांगते. मैत्रिणीनं विचारलं, "दर वेळी एकाच जागी थांबतं की वेगवेगळ्या?" एकाच जागी थांबत असेल तर उतरवलेली फाइल अर्धवट असण्याचा किंवा डिस्कचा तेवढा भाग खराब असण्याचा संशय घ्यायचा. वेगवेगळ्या जागी थांबत असेल तर रॅम, म्हणजे मशीनची काम करतानाची स्मरणशक्ती, किंवा तापलेलं मशीन, किंवा वीज यांच्याकडं पाहायचं. आमचं वेगवेगळ्या जागी थांबत होतं.

तरी फाइल आधी तपासायची ठरली. फाइल जिथून घेतो तिथं तिच्याबरोबर तिचा एक ठसा दिलेला असतो. त्याला हॅश म्हणतात. आकडे आणि अक्षरं मिळून चौसष्ट खुणांची ती ओळ असते. फाइलमध्ये एक ठिपका बदलला तरी ओळ पार बदलते. लिनक्समध्ये एका आज्ञेत हा ठसा काढता येतो, विंडोजमध्ये 'सर्टयूटिल' नावाच्या साधनानं निघतो. आम्ही पेन ड्राइव्हवरून लिनक्स नुसतं चालवलं, बसवलं नाही. असं चालवता येतं, त्यात डिस्कला हात लागत नाही, हे लक्षात ठेवा. मुलीनं पहिल्यांदा चुकून नुसती फाइल नकललेला पेन ड्राइव्ह आता कामी आला. त्या फाइलचा ठसा काढला, तो जुळला नाही. पोरीचा चेहरा पडला. टेकाडावरच्या दोन रात्री फुकट गेल्या असं तिला वाटलं. मैत्रीण म्हणाली, काहीही न बदलता पुन्हा काढ. पुन्हा काढला, तर तिसरंच उत्तर आलं!

फाइल तीच, मशीन तेच, आणि दोन वेळा मोजून दोन उत्तरं. म्हणजे फाइलवर ठपका ठेवता येत नव्हता. मोजणाराच चुकत होता.

मशीन बंद केलं, वायर भिंतीतून काढली, डब्याचं एका बाजूचं पान पेचकसानं उघडलं. कार्यकर्ती म्हणाली, "इतकी वर्षं मी याला पदरानं पुसते आहे, आत काय आहे ते आज बघते." आत धूळ होती आणि कोळ्याचं घर होतं. रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. दुकानातली मुलं करतात ते आम्हीही केलं. पट्ट्या काढल्या, त्यांच्या पितळी रंगाच्या कडा शाळेतल्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसल्या, आधी हात लोखंडी डब्याला लावला, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. मग एका वेळी एकच पट्टी लावून तपासणी चालवली. 'मेमटेस्ट' नावाचा एक फुकट प्रोग्रॅम असतो, तोही पेन ड्राइव्हवरूनच चालतो. पहिली पट्टी तीन तास चालली, स्वच्छ निघाली. दुसरी लावली आणि दहा मिनिटांत पडद्यावर तांबड्या ओळी आल्या.

दोषी एक बोटभर पट्टी होती. ती काढून ठेवली. चांगल्या पट्टीवर त्याच फाइलचा ठसा काढला, अक्षर न् अक्षर जुळला. पोरीच्या दोन रात्री फुकट गेल्या नव्हत्या. तिनं तो ठसा वहीत सुवाच्य अक्षरात लिहून ठेवला आहे. त्याची गरज नव्हती, पण मी तिला अडवलं नाही.

क्रमाचं महत्त्व इथं आहे. रॅम खराब असताना आम्ही डिस्कवरून काही परत काढायला गेलो असतो, तर काढलेली प्रतही बिघडली असती. हात कितीही शिवशिवले तरी आधी मशीन धड आहे याची खात्री करायची, मग डिस्ककडं जायचं.

(इथं एका ताईंनी विचारलं, की एवढं सगळं करण्यापेक्षा जाणकार पुरुष कार्यकर्त्याला का बोलावलं नाही?) ताई, बोलावलं असतं तर तोही आला असता. पण त्या नोंदींमध्ये त्याच्याच भावकीतल्या दोन बायांच्या तक्रारी होत्या. आपल्या गावांत जाणकार माणूस आणि भावकी यांना वेगळं करता येत नाही.

आणि हे काम बायांचं नाही असं जे आपण स्वतःशीच म्हणतो, त्याचाही विचार करू. १९६५ साली अमेरिकेत मेरी ॲलन विल्क्स नावाची तरुणी 'लिंक' नावाच्या कॉम्प्युटरसाठी प्रणाली लिहीत होती. तिचे सहकारी दुसऱ्या शहरात गेले, तिला जायचं नव्हतं. मग ते अवाढव्य मशीन बाल्टिमोरला तिच्या आईवडिलांच्या घरी आणून बसवलं. पूर्ण कॉम्प्युटर घरात ठेवून काम करणारी ती पहिली माणूस, असं मानलं जातं. तिथं बसून तिनं 'लॅप ६' ही ऑपरेटिंग सिस्टीम पुरी केली. त्या मशीनची स्मरणशक्ती २०४८ शब्दांची होती, आपल्या आजच्या साध्या फोनपुढं काहीच नाही. तिला खरं तर तरुणपणी वकील व्हायचं होतं. बाईला त्यात वाव नाही म्हणून लोकांनी परावृत्त केलं, तेव्हा ती या कामात आली. नंतर तिनं हे काम सोडून कायदा शिकला आणि वकिलीही केली. म्हणजे घरच्या कॉम्प्युटरवर ऑपरेटिंग सिस्टीम घेऊन झगडत बसणं हे मुळात एका बाईनं, आईबापाच्या घरात बसून सुरू केलेलं काम आहे. हे मी त्या आजीला सांगितलं. आजी म्हणाली, "तिला सैपाक कोण करून घालीत होतं?" याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

आता डिस्क. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहिलं, तर डिस्कवरचा विंडोजचा भाग दिसतच नव्हता. लाईट गेली तेव्हा वाटणी चालू होती, त्यामुळं कुठून कुठपर्यंत कुणाचा हिस्सा, तो तक्ताच मोडला होता. सातबारा फाटला, जमीन जागेवर. अशा वेळी प्रथम अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या मोठ्या डिस्कवर काढायची आणि पुढचे सगळे प्रयोग प्रतीवर करायचे. मूळ डिस्क कपड्यात गुंडाळून कपाटात. प्रत काढायला 'डीडीरेस्क्यू' नावाचं साधन आहे. खराब जागा आली तर ते तिथं डोकं आपटत बसत नाही, पुढं जातं आणि मग मागं येतं. आमची बाहेरची डिस्क उसनी होती, प्रत काढायला रात्र गेली. यूपीएस नव्हता. मुलगी रात्रभर विजेच्या दिव्याकडं बघत जागी होती. लाईट गेली नाही.

मग 'टेस्टडिस्क' नावाच्या साधनानं जुनी वाटणी शोधली. हिशेब, इतिवृत्तं यांचे बहुतेक फोल्डर नावासकट मिळाले. ज्या भागात उलथापालथ झाली होती तिथल्या फायली मात्र नावानिशी मिळेनात. त्यांच्यासाठी 'फोटोरेक' वापरलं. ते नाव पाहत नाही, आतला मजकूर पाहून ओळखतं, की हा फोटो, हा कागद. त्यामुळं फायली मिळतात, पण नावं जातात, नुसते आकडे येतात. आमच्यापुढं हजारो आकडे उभे राहिले. बाराशे कुठला दावा, तेराशे कुठली पावती, काही कळेना.

ते ओळखायला तीन आठवडे लागले आणि ते काम कॉम्प्युटरवाल्यांनी केलं नाही. दर मंगळवारी बाया यायच्या, आम्ही एकेक स्कॅन पडद्यावर लावायचो. ज्या मावश्यांना अक्षर येत नाही त्या हातानं काढलेल्या नकाशांवरून सांगायच्या, "हा आमचा ओढा. हे आंब्याचं झाड. पलीकडं तिचं खाचर." पडकईचा बांध कुणी घातला यावरून एकदा वादही झाला, तो मिटवायला दोन घरच्या म्हाताऱ्या बोलवाव्या लागल्या. काही कागद ओळखू आले नाहीत, ते अजून वेगळे ठेवले आहेत.

अकरा फोटोंपैकी नऊ उघडले. दोन अर्धे करडे येतात.

त्या बाईच्या वकीलताईंनी पहिला प्रश्न विचारला, की हे फोटो कुठल्या मशीनमधून, कुणी, कधी, कसे काढले? आम्ही वही पुढं ठेवली. त्यांनी ती पानं झेरॉक्स करून घेतली. आता हे नीट ऐका, कारण हे सगळ्यांच्या उपयोगाचं आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. मोबाइल-कॉम्प्युटरमधला पुरावा द्यायचा तर त्याच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि त्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश लिहायची जागा आहे. फाइल बरोबर उतरली का ते पाहायला पोरीनं जो ठसा काढला, तोच ठसा बाईच्या फोटोचा काढून कोर्टात द्यायचा असतो. प्रमाणपत्राचा एक भाग तज्ज्ञानं भरायचा असतो, त्यामुळं वकिलाचा सल्ला घ्या. पण पुरावा हातात आल्याच्या दिवशी ठसा काढून, तारीख घालून वहीत लिहिणं आपल्या हातात आहे. मूळ फोन टाकून देऊ नका, फुटला असला तरी.

पुढचं भराभर सांगते. रिकाम्या केलेल्या जागेवर लिनक्स बसवलं, या वेळी विनाअडथळा बसलं. मशीन पुन्हा सुरू केलं, तर पुन्हा 'काही सापडत नाही'! पण आता कुणी रडलं नाही. मशीन सुरू होण्याच्या पद्धती दोन असतात, जुनी 'लेगसी' आणि नवी 'यूईएफआय'. पेन ड्राइव्ह एका पद्धतीनं सुरू केला होता आणि मशीन दुसऱ्या पद्धतीवर लावलेलं होतं. मशीन सुरू होताना कंपनीप्रमाणं एफ२, एफ१२ किंवा डिलीट दाबलं, की ही निवड दिसते. दोन्हीकडं एकच पद्धत ठेवली, झालं. विंडोज बसवताना 'या डिस्कवर बसवता येत नाही, एमबीआर आहे, जीपीटी हवी' असा संदेश येतो, तोही याच घोळातला. त्यावर दुकानात डिस्क पुसून देतात. पुष्कळदा पेन ड्राइव्ह दुसऱ्या पद्धतीनं सुरू केला तरी भागतं.

मग इंटरनेट चालेना. प्रत्येक ठिकाणी 'सुरक्षित नाही' म्हणायचं. पडद्यावरची तारीख पाहिली, तर कितीतरी वर्षं मागची. आतला नाण्याएवढा सेल संपला होता. सीआर २०३२ म्हणून मागायचा, घड्याळवाल्याकडंही मिळतो. तारीख चुकली की मशीनला जगातली सगळी प्रमाणपत्रं खोटी वाटतात.

आणि शेवटी मराठी. जुन्या फायली उघडल्या, तर रोमन अक्षरांची खिचडी. कार्यकर्ती म्हणाली, "गेलं सगळं." गेलं नव्हतं. आपण पूर्वी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप करायचो, त्यात मराठी हे नुसतं वरचं रूप, आत रोमन अक्षरांच्याच जागा. तो फॉन्ट नव्या मशीनवर नाही, म्हणून खिचडी दिसते. फॉन्ट टाकला की मजकूर दिसतो. त्यानंतर तो युनिकोडमध्ये बदलून घ्या, म्हणजे पुढं कुठंही वाचता येईल. बॅकअप घेताना फॉन्टही घ्यायचे असतात, हे कुणी सांगत नाही.

ज्यांच्याकडं नवे लॅपटॉप आहेत त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. नव्या विंडोजच्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्कला आतून कुलूप लागलेलं असतं, बिटलॉकर म्हणतात. काही बिघडलं की मशीन अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागतं. ती किल्ली बहुधा ज्याच्या ईमेलनं लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्याच्या खात्यात असते. आपल्यापैकी किती जणींचे लॅपटॉप नवऱ्यानं, भावानं किंवा संस्थेच्या सचिवानं सुरू करून दिले आहेत? हात वर करा. पाहा. एक बाई माहेरी निघून आली, लॅपटॉप तिच्या पगारातून घेतलेला, किल्ली नवऱ्याच्या खात्यात. आजच रात्री आपापली किल्ली कुठं आहे ते पाहा आणि कागदावर लिहून घ्या.

आमच्या मशीनलाही आम्ही आता कुलूप लावलं आहे. लिनक्स बसवताना तसा पर्याय येतो. परवलीचा शब्द दोघींकडं आहे, एका बंद पाकिटात तिसरीकडं. तिघी एका वेळी विसरलो तर सगळं गेलं, हा धोका आम्ही चर्चा करून पत्करला आहे. काही जणींचं मत अजून विरुद्ध आहे. बायांची खरी नावं मशीनवर ठेवत नाही, क्रमांक ठेवतो. क्रमांक कुणाचा ते कपाटातल्या रजिस्टरात. दर महिन्याच्या बैठकीला बाहेरच्या डिस्कवर प्रत निघते आणि ती डिस्क दुसऱ्या गावी जाते. जुनी डिस्क आम्ही भंगारात दिली नाही. ती अजून कपड्यात आहे, त्या बाईचा खटला संपेपर्यंत राहील.

मुलगी परीक्षेच्या अभ्यासाला लागली आहे. बाप आता पाहुण्यांना सांगतो, की पोरीनं मशीन उभं केलं. आधी काय म्हणाला होता ते मी त्याला आठवण करून दिलेलं नाही.

प्रश्न बरेच आलेले दिसतात, ते जेवताना घेऊ. चहानंतर मागच्या खोलीत दोन जुनी मशीनं उघडून बसणार आहोत. त्यातलं एक मुद्दाम बिघडवून ठेवलं आहे, कशानं ते सांगणार नाही. पेचकस चारच आहेत, तेव्हा गट करून बसा. बांगड्या, मंगळसूत्रं जपा, आणि डबा उघडण्याआधी वायर भिंतीतून काढली का, ते एकीनं दुसरीला विचारा. वही प्रत्येकीनं आणा.